कुरणातली एकटी झाडं : पारामधले सात दिवस

दिवस पहिला : बेलेम

बेलेम ही उत्तर ब्राझीलमधल्या पारा राज्याची राजधानी. इथला वेरोपेझोचा बाजार नदीला लागूनच आहे. सकाळी सातला आम्ही पोचलो तेव्हा माशांच्या होड्या रिकाम्या होऊन परत निघाल्या होत्या. एका कोपऱ्यात एक बाई स्टुलावर बसून कास्तान्या सोलत होती. कास्तान्या म्हणजे आपल्याकडे पाकिटात मिळतो तो ब्राझील नट. तिने सुरीच्या टोकावर धरून एक बी माझ्यापुढे केली. ताजी बी दुधाळ असते, ओल्या खोबऱ्याच्या जवळ जाणारी. सुकी खाऊन ही चव कळणं शक्यच नाही.

या बीच्या झाडासाठी मी इथवर आले आहे. कास्तान्येरा पन्नास मीटरपर्यंत वाढते आणि काही शतकं जगते. फळाला इथे ओरिसू म्हणतात. ते लाकडासारखं टणक असतं, कधी दोन किलोपर्यंत भरतं आणि आत संत्र्याच्या फोडींसारख्या दहा ते पंचवीस बिया रचलेल्या असतात. फुलावर एक घट्ट झाकण असतं आणि ते उचलण्याची ताकद जंगलातल्या दांडग्या मधमाश्यांनाच असते. फूल फळल्यावर ओरिसू पिकायला सव्वा वर्ष लागतं. खाली पडलेला ओरिसू कुरतडून उघडते ती कुचीया, सशाएवढी, जवळजवळ बिनशेपटीची. ती काही बिया खाते, काही पुरून ठेवते आणि त्यातल्या काही विसरते. नवी झाडं त्या विसरलेल्या बियांतून येतात.

दुपारी गोएल्दी संग्रहालयाच्या बागेत गेलो. १८६६ साली स्थापन झालेली ही संस्था अमेझॉनच्या अभ्यासाचं जुनं घर आहे. बागेत कुचीया मोकळ्या फिरतात. एक आमच्या पायांजवळून गेली, थांबली, पुढच्या दोन पायांत काहीतरी धरून खाल्लं आणि झुडपात शिरली. बरोबरची मैत्रीण वनस्पतिशास्त्र शिकवते आणि बेलेममध्ये दहा वर्षं राहते आहे. ती म्हणाली, "नीट बघून घे. पुढच्या रस्त्यावर झाडं दिसतील, ही दिसणार नाही."

दिवस दुसरा : बेलेम ते पारागोमिनास

गाडी चालवणारे गृहस्थ साठी ओलांडलेले. जन्म मारान्याऊ राज्यातला, बापाबरोबर अकराव्या वर्षी इकडे आले. मला ते 'दोना' म्हणतात, म्हणजे बाईसाहेब. मीही त्यांना आदरानेच हाक मारते आहे.

पहिलं मोठं गाव लागलं कास्तान्याल. नावाचा अर्थच कास्तान्येरांचं बन. बन कुठे आहे म्हणून मी खिडकीतून पाहत राहिले. दुकानं, गॅरेज, मिरीचे मळे, मध्येच खुरटं रान. बेलेमपासून ब्रागांसापर्यंत आगगाडीचा मार्ग टाकायला १८८३ मध्ये सुरुवात झाली आणि या पट्ट्यातलं जंगल रुळांच्या दोन्ही बाजूंनी शेतीसाठी जात राहिलं. रूळही १९६० च्या दशकात उखडले गेले. आता इथे जे उगवतं त्याला कापोएइरा म्हणतात : तोडलेल्या जागी आलेलं, पुन्हा तोडलं जाणारं, पुन्हा येणारं दुय्यम रान. मोठं जंगल जाऊन इतके दिवस झाले, की त्याची आठवण फक्त गावाच्या नावात उरली आहे.

सांता मारिया दो पारापाशी रस्ता दक्षिणेला वळला आणि आम्ही बेलेम–ब्राझीलिया महामार्गाला लागलो. १९६० मध्ये हा रस्ता खुला झाला. त्याआधी या भागात येणं म्हणजे नदीने येणं. नदीपासून लांब, दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरचं जंगल म्हणूनच शाबूत होतं. रस्ता नेमका त्याच्या मधोमध गेला.

संध्याकाळी पारागोमिनास. पारा, गोयास, मिनास या तीन राज्यांच्या नावांचे तुकडे जोडून १९६५ मध्ये वसवलेलं हे गाव.

दिवस तिसरा : पारागोमिनास

आजच्या दिवसाबद्दल लिहायला खूप आहे.

सकाळी एका फाझेंदात, म्हणजे गुरांच्या मोठ्या मळ्यात, परवानगी काढून गेलो. फाटकापाशीच शंभर-दीडशे गुरं उभी होती आणि माझा पाय तिथेच थबकला. पांढरीशुभ्र अंगं, वशिंडं, गळ्याखाली लोंबणारी पोळी, काळे ओले डोळे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला येऊन मी ओळखीची गुरं पाहत होते. यांना इथे नेलोर म्हणतात, आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यावरून. मूळ जात ओंगोल. एकोणिसाव्या शतकापासून ही गुरं जहाजांतून ब्राझीलमध्ये आली. ऊन सोसणारी, गोचिडांना दाद न देणारी, निकस गवतावर तगणारी म्हणून ती इतकी वाढली, की आज ब्राझीलच्या मांसाच्या गुरांत सर्वांत जास्त संख्या त्यांचीच आहे. त्यांच्या पायांखालचं गवत ब्राकियारिया, तेही इथलं नाही, आफ्रिकेतलं. इथली म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे कुरणाच्या शेवटी दिसणारी जंगलाची हिरवी भिंत.

ऑगस्ट म्हणजे इथला कोरडा काळ. कुरण पिवळं पडलं होतं, पायाखाली करकर वाजत होतं. कुंपण ओलांडून रानात शिरलो तर आत सावली, थंडावा आणि डोक्यावर पूर्ण हिरवं छत. पाऊस दोन्हीकडे सारखाच, माती एकच, मधे फक्त तारेचं कुंपण. मैत्रिणीने कारण सांगितलं आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. याच पारागोमिनासच्या परिसरात १९९० च्या सुमारास संशोधकांनी खोल खड्डे खणून झाडांची मुळं कुठवर जातात ते पाहिलं. आठ मीटरच्याही खूप खाली मुळं सापडली. कोरड्या महिन्यांत झाडं तिथलं पाणी ओढतात, पानांतून हवेत सोडतात आणि हिरवी राहतात. गवताची मुळं तितकी खोल पोचत नाहीत. जंगल जातं तेव्हा जमिनीच्या पोटातलं पाणी आभाळापर्यंत नेणारी वाटच बंद होते.

दुपारी झाडाखाली बसून ड्रायव्हरसाहेबांनी त्यांच्या तरुणपणाचं काम सांगितलं. विशीच्या आत असताना ते याच भागात जंगल पाडणाऱ्या टोळीत होते. पावसाळा सरला की आधी विळ्या-कोयत्याने खालची झुडपं आणि वेली कापायच्या. मग कुऱ्हाडी, पुढे यांत्रिक करवती. काही मळ्यांवर दोन ट्रॅक्टरांना जाड साखळी बांधून मधलं सगळं ओढत पाडायचे. महिना-दोन महिने वाळू द्यायचं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पेटवायचं. पहिल्या पावसाच्या तोंडाला राखेत गवताचं बी फेकायचं.

"पहिल्या वर्षी गवत माणसाच्या खांद्याला लागायचं," ते म्हणाले. "मालक खूश. आम्हालाही वाटायचं, काय जमीन आहे ही!"

ती जमिनीची करामत नव्हती, राखेची होती. या जंगलाचं अन्न मातीत थोडं आणि झाडांच्या अंगात फार असतं. झाड जळलं की ते अन्न राखेतून एकदम मातीवर येतं, मातीची आम्लताही कमी होते, म्हणून गवत उफाळतं. काही वर्षांत फॉस्फरस तुटतो, खुरांखाली माती घट्ट होते, काटेरी झुडपं शिरतात. त्या झुडपांना इथे झुकीरा म्हणतात. झुकीरा कापायची, पुन्हा पेटवायचं, पुन्हा चार पावसाळे रेटायचे. शेवटी हेक्टरी एक जनावरही धड पोसत नाही असं कुरण सोडून द्यायचं आणि शेजारचं जंगल पाडायचं.

यात मालकाचं नुकसान कसं होत नव्हतं, हा प्रश्न मला दिवसभर सतावत होता. उत्तर गवतात सापडणार नव्हतं, ते हिशेबाच्या वह्यांत होतं. १९६६ मध्ये लष्करी राजवटीने अमेझॉनच्या विकासासाठी सुदाम नावाची यंत्रणा उभी केली. दक्षिणेतल्या कंपन्यांना आपल्या आयकराचा निम्म्यापर्यंत भाग सरकारला न देता अमेझॉनमधल्या मंजूर प्रकल्पांत गुंतवायची मुभा मिळाली आणि असे बरेच प्रकल्प गुरांच्या मळ्यांचे होते. मांस विकलं गेलं नाही तरी कर वाचत होता, जमिनीचा भाव चढत होता. शिवाय जंगल तोडणं म्हणजे जमिनीची सुधारणा असं धरलं जाई, त्यामुळे तोडणाऱ्याचा जमिनीवरचा दावा पक्का होई. 'माणसांविना असलेली जमीन, जमिनीविना असलेल्या माणसांसाठी' अशी त्या काळची घोषणा होती. ती जमीन माणसांविना नव्हती. तिथे आदिवासी होते, नदीकाठची गावं होती, कास्तान्या वेचणारी कुटुंबं होती.

पारागोमिनासबद्दल न्यायाने लिहायचं तर पुढचंही सांगायला हवं. २००८ मध्ये केंद्र सरकारने सर्वाधिक जंगलतोड करणाऱ्या ३६ पालिकांची काळी यादी काढली, तीत हे गाव होतं. इथली पालिका म्हणजे नुसतं शहर नव्हे, भोवतालचा मोठा प्रदेशही तिच्यात येतो. कर्ज अडलं, बाजार अडला. गावाने तोड आटोक्यात आणली, जमिनींच्या सीमा पर्यावरण नोंदवहीत नोंदवल्या आणि २०१० मध्ये यादीतून सर्वांत आधी बाहेर पडलं. आज गावाभोवती सोयाबीनची सपाट शेतं आहेत आणि त्यांच्या मधे राखलेले जंगलाचे तुकडे. मला त्या तुकड्यांचं कौतुक वाटलं. पण तुकडा तो तुकडाच. कडेला उभं राहिलं तर आरपार उजेड दिसतो.

दिवस चौथा : माराबाकडे

दिवसभर गाडीत. दोम एलिझेऊपासून पश्चिमेला वळलो. बंद पडलेल्या लाकडाच्या गिरण्या, भुशाचे काळे ढीग आणि कुरणं, कुरणं, कुरणं. कुठे पानं झडलेला एखादा इपे पिवळ्या फुलांनी भरून उभा.

माराबाच्या अलीकडे ती दिसायला लागली. आधी एक, मग टेकडीवर तीन, मग उतारावर दहा-बारा. सरळसोट करडे बुंधे, फांद्या थेट शेंड्याला, खाली पिवळं गवत आणि पांढरी गुरं. कास्तान्येरा तोडायला ब्राझीलमध्ये कायद्याने बंदी आहे. म्हणून भोवतालचं सगळं पाडलं आणि ही ठेवली. लांबून वाटतं, वा, झाडं तरी राखली.

एका ठिकाणी गाडी थांबवून राखणदाराला विचारलं आणि आत गेलो. आम्ही तिघांनी हात पसरून धरले तरी बुंध्याला वेढा पुरा होईना. एका बाजूची साल माझ्या डोक्याच्या वरपर्यंत कोळशासारखी काळी होती. कुरण पेटवताना दर वेळी ज्वाळा चाटून जातात. जवळच्या तीन झाडांपैकी दोन उभ्या उभ्या मेलेली होती. वारा अडवायला भोवती रान नाही, त्यामुळे वादळ थेट अंगावर येतं. राखणदार म्हणाला, पडलेल्या झाडाचे कुंपणाला खांब चांगले निघतात.

गवतात चाचपडताना मैत्रिणीला एक ओरिसू सापडला. काळा पडलेला, पण अखंड. हलवला तर आत काहीच वाजलं नाही, बिया कुजून चिकटल्या असाव्यात. मधमाश्या राहतात जंगलात, म्हणून उघड्या कुरणातल्या झाडावर फळं थोडी धरतात. एखादं धरलं आणि पडलं तर ते फोडायला कुचीया नाही. बी रुजलंच तर गुरं तुडवतात, नाही तर पुढचा वणवा जाळतो. त्या अख्ख्या उतारावर कास्तान्येराचं एकही रोप दिसलं नाही. कायद्याने झाड वाचवलं, त्याचा वंश वाचवायचा राहून गेला.

विसाव्या शतकात माराबा कास्तान्यावर जगत असे. पावसाळ्यात वेचणारे रानात जात, बिया होड्यांतून तोकांतीन्स नदीने खाली जात. १९७० च्या आसपास रस्ते आले आणि दोन-तीन दशकांत ती बनं कुरणं झाली. रात्री नदीकाठी जेवताना ड्रायव्हरसाहेब फार बोलले नाहीत.

दिवस पाचवा : वळणावरचे एकोणीस बुंधे

माराबापासून दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर एल्दोरादो दोस काराजास. त्याच्या अलीकडे रस्ता इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. १७ एप्रिल १९९६ रोजी इथे भूमिहीनांचा मोर्चा अडला होता. एका मोठ्या मळ्याची जमीन आपल्याला वाटून मिळावी म्हणून ही माणसं बेलेमला चालत निघाली होती. लष्करी पोलिसांनी गोळीबार केला आणि १९ माणसं तिथेच मेली.

त्यांचं स्मारक म्हणून रस्त्याकडेला कास्तान्येराचे १९ जळके बुंधे उभे केले आहेत. मारलेल्या माणसांसाठी मारलेली झाडं. ज्यांनी ती उभी केली त्यांना ठाऊक होतं, की जमीन मोजक्या हातांत गेली आणि जंगल गेलं ही एकच घटना आहे.

आम्ही तिथे अर्धा तास होतो. ट्रक जात होते. ड्रायव्हरसाहेबांनी टोपी काढली आणि निघेपर्यंत घातली नाही.

शिंग्वाराला मुक्काम.

दिवस सहावा : साओ फेलिक्स दो शिंगू

फ्रेस्को आणि शिंगू या नद्यांच्या संगमावरचं गाव. या एका पालिकेचं क्षेत्र ८४ हजार चौरस किलोमीटर आहे. २०२२ च्या जनगणनेत माणसं ६५ हजार, गुरं जवळपास २५ लाख. ब्राझीलमधल्या कुठल्याही पालिकेत यापेक्षा मोठा कळप नाही.

दुपारी सूर्य तांबडा दिसत होता. नदीपलीकडे धूर होता. पलीकडे त्रियुन्फो दो शिंगू नावाचं संरक्षित क्षेत्र आहे, २००६ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे १६ लाख ८० हजार हेक्टरांचं. संरक्षित क्षेत्रांपैकी सर्वांत जास्त तोड जिथे झाली त्यांत याचं नाव वर्षानुवर्षं येत राहिलं आहे.

इथे 'ग्रिलाझेम' हा शब्द पुन्हा पुन्हा कानावर येतो. ग्रिलो म्हणजे रातकिडा. पूर्वी जमिनीचे खोटे कागद करून पेटीत रातकिड्यांबरोबर कोंडून ठेवत. किडे कागद कुरतडत, घाण करत आणि कोरा कागद पन्नास वर्षांचा जुना दिसू लागे. आता कागद संगणकावर होतात, पण सरकारी जंगल बळकावण्याला नाव तेच राहिलं. बळकावल्यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ठळक दावा कोणता? गवत टाकायचं आणि त्यावर गुरं सोडायची. भात, मका पिकवायला माणसं लागतात, रस्ता लागतो. गुरं स्वतःच्या पायांनी येतात आणि स्वतःच्या पायांनी बाजारात जातात. सहा दिवस मी मांसासाठी जंगल जातं असं समजून चालले होते. इथे बसून कळलं, की पुष्कळ ठिकाणी जनावर हा जमिनीवर मारलेला शिक्का आहे आणि मांस ही वरची कमाई आहे.

ही साखळी तोडण्याचे प्रयत्न झाले आहेत, त्यांना यशही आलं आहे, हे विसरता कामा नये. ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था १९८८ पासून दर वर्षी उपग्रहाने अमेझॉनची तोड मोजते. २००४ मध्ये एका वर्षात २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल गेलं होतं. नजर, दंड, नवी संरक्षित क्षेत्रं आणि कर्जावरची बंधनं यांमुळे २०१२ मध्ये हा आकडा ४,५७१ वर आला. मग राज्यकर्त्यांचं लक्ष उडालं आणि २०२१ मध्ये तो पुन्हा १३,०३८ झाला. २०२४ मध्ये ६,२८८. म्हणजे थांबवता येतं. मनात आणलं तेव्हा ते थांबलं आहे, आणि म्हणूनच ज्या वर्षी थांबवलं जात नाही त्या वर्षीचा राग जास्त येतो.

पळवाट मात्र मोठी आहे. २००९ नंतर पारामधल्या कत्तलखान्यांनी सरकारी वकिलांशी करार केले, की बेकायदा तोडलेल्या जमिनीवरची गुरं घेणार नाही. पण वासरू जन्मतं एका मळ्यावर, वाढतं दुसऱ्यावर, पुष्ट होतं तिसऱ्यावर. कत्तलखाना बहुतेक वेळा तिसऱ्याचे कागद पाहतो. पहिला मळा जंगल पेटवून केलेला असला तरी वासराच्या अंगावर तसं काही लिहिलेलं नसतं. २०२३ च्या शेवटी पारा सरकारने प्रत्येक जनावराच्या कानात ओळखीचा बिल्ला लावण्याचा कार्यक्रम जाहीर केला. राज्यात गुरं अडीच कोटी.

दिवस सातवा : ओढ्याकाठी

परतीच्या वाटेवर मैत्रिणीच्या ओळखीच्या एका बाईंच्या शेतावर थांबलो. जमीन थोडी, तीही थकलेलं कुरण म्हणून मिळालेली. बारा वर्षांपूर्वी त्यांनी ओढ्याकाठचा पट्टा तारेने बंद केला आणि गुरं वरच्या अंगाला ठेवली. बाकी अर्ध्या जमिनीत केळीच्या सावलीला कोको लावला. या भागातल्या पुष्कळ लहान शेतकऱ्यांनी अलीकडे कोको धरला आहे.

ओढ्याकाठच्या पट्ट्यात त्यांनी काहीही लावलं नव्हतं. आधी झुकीरा माजली, असं त्या म्हणाल्या. शेजारी हसायचे, बाई आळशी झाली म्हणायचे. मग छत्रीसारख्या पानांचे एंबाउबा आले, खालून बाबासूचे माड उठले, त्यांच्या सावलीत गवत मेलं. आता आत शिरताना वाकावं लागतं. अजून ते जंगल नाही, खोडं मनगटाएवढी आहेत. पण पायाखाली पालापाचोळा आहे आणि माती बोटाने उकरता येते. चौथ्या दिवशी कुरणात मी चावी मातीत खुपसून पाहिली होती, ती शिरली नव्हती.

पट्ट्याच्या टोकाला एक जुनी कास्तान्येरा आहे, पूर्वी ती कुरणातच उभी होती. तिच्याखाली ड्रायव्हरसाहेब खाली वाकले आणि एक ओरिसू उचलून आणला. रिकामा. वरच्या तोंडाशी मूठभर भोक पडलेलं आणि त्याच्या कडेने दातांचे बारीक, नेटके चरे. त्यांनी तो उजेडात धरला, अंगठा चऱ्यांवरून फिरवला आणि बाईंना विचारलं, "कधीचा?"

"या पावसाळ्यातला. दोन वर्षांपासून येते," बाई म्हणाल्या. "रात्री कुत्रा भुंकायला लागला की समजायचं. आता संध्याकाळ झाली की मी त्याला बांधून ठेवते."